हरणछाप रेंगी

गयाबाईंनी सकाळी सकाळी चुलीत लोखंड घातलं. सासूने एकदा का ते लोखंड चुलीत घातलं की रेंगी त्या दिवशी आवाराबाहेर पडलीच पाहिजे, हे मथुरेला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं. भात शिजो न शिजो, चूल त्या लोखंडाची. हातभर सळई, तिच्या टोकाला पळतं हरीण आणि त्या हरणाची मान मागे वळलेली. सासरे चिंधूजी वाढई गेले तेव्हा मागे वाडी नव्हती की वावर नव्हतं. सुतारकामाच्या हत्यारांची पेटी, दोन मुलगे, एक मुलगी आणि हे हरीण, एवढीच काय ती इस्टेट.

भिलाईत आल्यापासून हे लोखंड थंड कधी पडलंच नव्हतं म्हणा, पण या चुलीत ते आज पहिल्यांदाच येत होतं. एरवी बाहेर शेडपाशी धाकट्या मुलाने, पुंडलिकने, कोळशाची शेगडी मांडली होती. ठेकेदाराला द्यायच्या बंड्या, म्हणजे ओझं वाहायच्या बैलगाड्या, रांगेने उभ्या असत आणि जो मजूर मोकळा असेल तो तंबाखू चोळत चोळत त्यांच्या लाकडावर हरणाची छाप उठवत जाई. आज गयाबाईंनी तेच लोखंड राखेने घासलं, हळदीच्या पाण्याने धुतलं आणि मग विस्तवात सरकवलं.

"माय, धुवाचं कायले?" धाकट्या सुनेने, हिरेने विचारलं. "तापल्यावर सारंच जळून जाते ना."

"तुह्या सासऱ्यानं धुतलं, म्हनून मी धुतो," गयाबाई म्हणाल्या. "मले दुसरं कारन ठाव नाई."

हिरा हसली. तिला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिने रेंगी कधी पाहिली नव्हती, बंड्याच पाहिल्या होत्या. मथुरा भाकरी थापत होती आणि मनातल्या मनात घाबरली होती. तिची भीती तिने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती, कारण ती काय आहे हे तिचं तिलाच नीट कळलं नव्हतं.

शंकरपटात बैलजोडी जिला जुंपून पळवतात ती ही हलकी गाडी. आमगावच्या बाजूला, जंगलाकडच्या गावांत, पौष-माघात पट भरले की लोक आधी बैल पाहत आणि मग बैलामागे हरीण आहे की नाही ते पाहत. हरणछाप रेंगी दारात असणं म्हणजे पाटलाच्या पाटीलकीवर कळस. चिंधूजी वर्षाला मोजक्याच करत. मागणारे पुष्कळ होते, पण मागणारे वाढले म्हणून हात वाढत नाहीत, असं ते म्हणायचे. आणि रीत अशी की तयार रेंगी घरातल्या दोन सुनांनी उचलायची, चाकं जमिनीला न टेकवता फाटकाबाहेर न्यायची. जी माझ्या सुनांच्या हाताला जड, ती बैलाच्या मानेवर कशाला, असा चिंधूजींचा हिशेब. सुनांनी बाहेर नेली तरच हरीण उठायचं. ते उचलण्याची साक्ष म्हणून असायचं.

बंडी कोणत्याही दोन सुनांना उचलणं शक्य नव्हतं. ती रेती, विटा, मुरूम वाहायला केलेली. पुंडलिकच आधी भिलाईला आला, कारखान्याच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे लागला, आणि मग त्याने थोरल्या भावाला, मथुरेच्या नवऱ्याला, देवाजीला, बोलावून घेतलं. सुपेल्याच्या रस्त्यावर आवार घेतलं. देवाजीच्या हाताची पहिली बंडी शिवनाथ नदीची रेती भरून आली तेव्हा तिच्यावर हरीण उठवायचं पुंडलिकनेच सुचवलं. गयाबाई हो म्हणाल्या. मथुराही हो म्हणाली. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटलं नाही, आणि देवाजी गप्प राहिला त्याचा अर्थ सगळ्यांनी सोयीने लावला.

तो दिवाळीला बोलला. गावाकडच्या पाटलांचा निरोप आला होता, या वर्षीच्या पटासाठी रेंगी हवी. देवाजीने जेवता जेवता सांगून टाकलं, "मी करून देतो. घरच्या सुनांनी बाहेर नेली, तं हरीन घेऊन मी गावाले वापस जातो. तुमी बंड्यावर दुसरं काई बी उठवा. नाई नेली, तं हरनाचं नाव मी पुन्हा काढनार नाई." पुंडलिकने हातातला घास खाली ठेवला होता. मथुरेनेही ठेवला होता, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

तिला गावाला जायचं नव्हतं. हे तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलंही होतं. मुलगी जया इथल्या शाळेत जात होती आणि हिंदीत पाढे म्हणत होती. कोपऱ्यावर नळ होता. गावात विहीर होती, आणि विहिरीवर सासरच्या माणसांची जीभ होती. पण देवाजी रेंगीला बसला, आणि दिवाळी ते पौष तो पुन्हा पहिल्यासारखा गुणगुणू लागला, तेव्हा तिने मनाशी म्हटलं, जाऊ. नळाचं काय, नळाशिवाय माणसं जगतातच.

दहाच्या सुमाराला टांगा आला. त्यातून नणंद बेबीताई उतरली आणि तिच्यामागून देवराव पाटील. बेबीताईचा नवरा कृष्णराव दुर्गला रेल्वेत गार्ड होता. रेंगीची चाकं काढून ती पार्सलने पाठवायची सोय त्यानेच केली होती. पाटील वाळून काटकुळे झाले होते, पण फेटा तसाच कडक. त्यांच्या वडिलांनी चिंधूजींची पहिली रेंगी नेली होती, तेव्हापासून हे घर आणि ते घर सोयऱ्यांसारखं.

"चांगला फिरवून आनला मले तुह्या बहिनीनं," पाटील बाजेवर बसत म्हणाले. "रेतीच्या बंडीवर हरीन. विटाच्या बंडीवर हरीन. मंग कचऱ्याची गाडी दिसली, तिच्यावर बी हरीन. मी टांगेवाल्याले म्हनलं, बाबू, या गावात दुसरं जनावर नाई का?"

सगळे हसले. पुंडलिक सगळ्यात मोठ्याने हसला. देवाजी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला, वास्तविक तांब्या तिथं आधीच ठेवलेला होता.

"नाव फैलून राहिलं, पाटील, त्यात बुरं काय?" पुंडलिक म्हणाला. "आधी आपल्याकडचे चार गावं वळखत होते. आता रशियन साहेब बी विचारते, ये हिरनवाली गाड़ी किसकी."

"विचारन ना. पन साहेबानं गाडीसाठी वाट पायली का?" पाटील म्हणाले. "माह्या बापानं दोन पावसाळे वाट पायली होती."

"आन त्या दोन पावसाळ्यात आमी काय खाल्लं, ते तुमच्या बापाले मालूम होतं का?"

मथुरा दाराआड उभी होती. तिला वाटलं होतं की गयाबाई धाकट्याला दटावतील. पण त्या चुलीपुढूनच म्हणाल्या, "खरं बोलला पोरगा. पेज खाल्ली आमी. तेही सांजच्याले नाई."

नवऱ्याच्या नावासाठी ज्या बाईने सकाळी लोखंड हळदीने धुतलं तीच हे बोलत होती. मथुरेला तिचं नवल वाटलं नाही. सासूच्या पोटात दोन्ही गोष्टी होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

"मी बंडीले वाईट म्हनलं का?" देवाजी पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज खालचाच होता. "बंडीनं पोट भरलं. तिले मी हात जोडतो. मी इतकंच म्हनून राहिलो, तिच्यावर हत्ती उठवा. बैल उठवा. हरनाले वझं वाहाले कायले लावता?"

"हत्तीची बंडी कोन घेईन, दादा? ठेकेदार म्हनते, हिरनवाली लाओ. लाकूड तेच, हात तुमचाच, पन हत्ती म्हनलं का तो दुसऱ्या दुकानात गेला समजा."

"म्हनजे तो लाकूड घेत नाई, हात बी घेत नाई. हरीन घेते."

"मंग घेऊ द्या ना."

बेबीताई आजवर नेहमी थोरल्या भावाच्या बाजूने असायची. लहानपणी पुंडलिकने तिच्या वेण्या ओढल्या तर देवाजीच्या पाठीमागे लपायची सवय तिची अजून गेली नव्हती. पण आज ती पदर सावरून म्हणाली, "दादा, खरं सांगू का? टेसनावर सामानाच्या ढकलगाड्या लागतेत. आमच्या घरचे साहेबाशी बोलून राहिले. दुर्गच्या फलाटावर आपलं हरीन असन. गाडीतून उतरलं का पयलं तेच दिसन. बाबा असते तं खुश नसते झाले का?"

"पेटी-वळकटीच्या गाडीवर," देवाजी म्हणाला.

"हो. मंग?"

देवाजीने बहिणीकडे पाहिलं. मथुरेने नवऱ्याचा तो चेहरा ओळखला. आपल्या रांगेतून एकेका माणसाने उठून पलीकडे जाऊन बसावं तसं त्याला होत होतं. तो उठला. "जेवून घ्या सगळे," म्हणाला. "मंग रेंगी नेऊ. ती बोलन काय बोलाचं ते."

जेवताना तो दोनदा हसला. त्याला रेंगीबद्दल शंकाच नव्हती. दिवाळीपासून दोनेक महिने तो शेडच्या मागच्या भागात एकटा बसला होता, कोणाला फिरकू दिलं नव्हतं, आणि दिवसभर बंड्यांचं काम उरकून उरलेला जीव त्याने तिथं ओतला होता. मथुरा चहा घेऊन जायची, तेव्हा तो तिला आरे दाखवायचा. चाकाच्या मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारे ते लाकडाचे दांडे तिला गुळगुळीत दिसायचे, सुंदर दिसायचे. लाकडाचं तिला कळत नव्हतं. तिला कळायचं ते उचलल्यावर.

रेंगी बाहेर आणून निंबाखाली उभी केली. गयाबाईंनी चाकांना हळद-कुंकू लावलं. ऊन पिवळं होतं, दूरवर कारखान्याची धुरांडी धूर सोडत होती, आणि रस्त्याने एक बंडी खडखडत गेली. तिच्यावर काय उठलेलं आहे ते पाहायला कोणी मान वळवली नाही. पाटील रेंगीभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी धुऱ्यावरून, पुढच्या लांब दांड्यावरून, हात फिरवला आणि डोळ्यांना लावला.

"वयनी, मले सांगाल ना कुठून धराचं?" हिरा कुजबुजली. पदर खोचून ती तयार होती. पहिल्यांदाच उचलायची म्हणून ती मोहरली होती.

"तू मांगून धर. दोन चाकाच्या मधल्या कन्याच्या खालून. मी म्हनलं का उचल."

मथुरा पुढे आली आणि तिने धुरा धरला. चांगली रेंगी उचलताना काय होतं हे तिला कोणाला समजावून सांगता आलं नसतं. आपण जोर लावतो आणि क्षणभर वाटतं, अरे, फारच लावला की. गाडी हाताच्या आधीच वर आलेली असते. आजवर तिने सासूबरोबर उचलल्या, चुलत जाऊ वच्छलेबरोबर उचलल्या, आणि प्रत्येक वेळी ते झालं होतं. पहिल्या वेळी तर ती तोल जाऊन हसली होती, आणि पलीकडे उभ्या असलेल्या देवाजीनेही हसून तोंड फिरवलं होतं. ते नवरा-बायकोचं पहिलं हसणं.

"उचल," ती म्हणाली.

हात वर गेले. गाडी हातांच्या मागून आली.

चाकं जमिनीवरून सुटली होती. हिरा मागून म्हणाली, "उचलली ना, वयनी! चाला." तिच्या आवाजात आनंद होता, तिला काय माहीत. पाटलांनी फेट्याला हात लावला. फाटकापाशी देवाजी उभा होता, बारशाच्या दिवशी पोराचं नाव ऐकायला बाप उभा असावा तसा. मथुरा एक पाऊल चालली, मग आणखी काही. दंडाला रग लागली. ही रग तिला ओळखीची होती, पण ती रेंगीची नव्हती. गेल्या वर्षी बंडीचं एक चाक निखळलं होतं तेव्हा चार बायांनी मिळून ती सरळ केली होती, त्या दिवशी अशीच रग लागली होती.

तिला सगळं एकदम कळलं. बंडीचे आरे तासता तासता त्याच्या हाताला बंडीची जाडी लागली होती. इथून थोडं राहू दे, तिथून थोडं राहू दे, ओझं यायचं आहे, मोडायला नको. त्याने हे ठरवून केलं नसणार. हात शिकला होता, आणि जे शिकला ते आता विसरत नव्हता.

फाटक काही लांब नव्हतं. रेटून नेता आली असती. हिरेला फरक कळणार नव्हता, पाटलांना पटाच्या दिवशी कळला असता. देवाजी जिंकला असता, आणि ती त्याच्यामागून मुकाट्याने गावी गेली असती. पण खाली ठेवली तर? तर लोक काय म्हणतील हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. हिला नळ सोडायचा नव्हता. हिला पोरीची शाळा सोडायची नव्हती. खरं बोलायला तोंड उघडावं आणि ते आपल्याच स्वार्थाचं वाटावं, अशी वेळ देवाने शत्रूवरही आणू नये.

ती अडखळली. पुंडलिक बाजूलाच चालत होता. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला समजलं. लहानपणापासून त्याने सुनांना रेंग्या नेताना पाहिलं होतं.

"वयनी, थांबू नोका," तो अगदी हळू म्हणाला. "नेऊन टाका."

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. रेंगी बाहेर गेली तर हरीण जाणार, हरीण गेलं तर ठेकेदार जाणार, हे त्याच्याहून चांगलं कोणाला ठाऊक होतं?

"मी पायतो पुढचं," तो म्हणाला. "दादाले असं नोका करू, वयनी. सगळ्याईसमोर नोका करू."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. ज्या धाकट्या दिराला ती वर्षभर मनातल्या मनात लोभी म्हणत आली तो असा निघावा, आणि त्याचंच आपण ऐकू नये. पाटलांचे बैल ही गाडी ओढणार होते. पटावर सगळा तालुका पाहणार होता. तिथं सगळ्यांत मागे राहिलेल्या जोडीमागे हरीण दिसलं असतं.

तिने रेंगी खाली ठेवली.

"काय झालं?" देवाजी फाटकापासून म्हणाला. "हात घसरला का?"

"नाई."

"मंग?"

"जड आहे."

हिरा गोंधळून एकदा मथुरेकडे आणि एकदा रेंगीकडे पाहू लागली. "पन उचलली ना आपन," ती म्हणाली.

बेबीताई बोलली. "वयनीच्या मनासारखं झालं म्हना. आता गावाले जानं नाई, काई नाई."

मथुरेने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती. तिला एवढंच हवं होतं की हा तरी तसं म्हणू नये.

"तुले इथंच राहाचं होतं," देवाजी म्हणाला. "तू दिवाळीलेच सांगतलं होतं मले. इथंच राहाचं म्हनून तू..."

"मी चालली असती तुमच्यासंगं," मथुरा म्हणाली. "बोचकं बांधून ठेवलं आहे. जाऊन पाहा आत. पन हे जड आहे. मी काय करू, जड आहे तं?"

तेवढ्यात गयाबाई ओसरीवरून उतरल्या. गुडघे धरत धरत त्या रेंगीपाशी आल्या. घरातली पहिली रेंगी त्यांनीच उचलली होती, पावसात रस्ता वाहून गेला होता तेव्हा, थोरल्या जावेबरोबर, चिखलातून. आता त्यांच्याने काही उचललं जाणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी धुरा दोन्ही हातांनी धरला, थोडा वर केला, आणि तसाच अलगद खाली ठेवला. मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि चुलीतलं लोखंड काढून पाण्याच्या घंगाळात बुडवल्याचा आवाज बाहेर आला.

तेव्हा देवाजी पुढे झाला. त्याने स्वतः धुरा उचलला. एकदा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मथुरेला त्याच्या पाठीवरून कळलं की त्याला कळलं.

"हो," तो म्हणाला.

पाटील चांगला माणूस. ते उठले आणि देवाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होते असं. पुढच्या पटाले करून दे. माहे बैल काई आताच मरून नाई राहिले." मग जरा थांबून म्हणाले, "नाई तं असं कर, हीच दे. पटाले नाई नेत. बाजाराले जाईन हिच्यात. चांगली मजबूत आहे."

मजबूत. जन्मभरात देवाजीच्या रेंगीला कोणी मजबूत म्हटलं नव्हतं. पाटलांनी ते मायेने म्हटलं, म्हणून जास्तच लागलं. देवाजीने हात जोडले आणि मान हलवून नाही म्हटलं.

बेबीताई पाटलांना घेऊन निघाली. जाताना ती मथुरेपाशी थांबली, काहीतरी बोलावं असं तिच्या मनात आलं असावं, पण टांगेवाला घाई करत होता. पुंडलिक फाटकापर्यंत पोचवायला गेला आणि परत येऊन भावासमोर उभा राहिला. माणूस भांडायला सवकला की समजूत घालायची भाषा त्याच्याकडे राहत नाही.

"दादा, उद्याच्या बंड्या आहेत," तो शेवटी म्हणाला. "त्याईवर मी काई बी उठवत नाई. ठेकेदाराले सांगतो."

"उठव," देवाजी म्हणाला.

"नाई, दादा. हत्ती उठवतो. घेतली तं घेतली."

"हरीनच उठव. फलाटावरच्या गाड्याईवर बी उठव. मी बोललो होतो ना दिवाळीले, नाव काढनार नाई म्हनून." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पुंडलिकला बरं वाटलं असतं. "मी समजत होतो का हरीन तू बंड्याईले वाटून राहिला. वाटलं तं माह्याच हातानं. तू तं लोखंड उठवून राहिला होता फक्त."

पुंडलिक शेडकडे गेला. शेगडी पेटवल्याचा वास मात्र बराच वेळ आला नाही.

मथुरेने भांडी घासली. जया शाळेतून आली, तिला भाकर दिली. हिरा मागे मागे येऊन दोनदा म्हणाली, "वयनी, मले खरंच समजलं नाई," आणि मथुरेने दोन्ही वेळा तिच्या पाठीवरून हात फिरवला. हिला कसं सांगायचं? सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. आता हिरेला हलकी रेंगी उचलायला मिळेल का, आणि नाही मिळाली तर पुढे या घरात कोणाला काय कळेल, या विचाराने तिला जास्त वाईट वाटलं. नळ राहिला होता, शाळा राहिली होती, जे जे तिने मागितलं होतं ते सगळं राहिलं होतं. मागितलेलं मिळालं की माणसाला झोप लागते म्हणतात. तिला रडू येत होतं.

उन्हं कलली तेव्हा निंबाखालून रंध्याचा आवाज येऊ लागला. ती बाहेर आली. देवाजी रेंगीचं एक चाक काढून मांडीवर घेऊन बसला होता आणि आरे तासत होता. आजूबाजूला ढलप्यांचा सडा पडला होता. ती जवळ जाऊन बसली. तो काही बोलला नाही. एक आरा झाला, दुसरा झाला. मग त्याने चाक बसवलं, दुसरं काढलं, त्याचेही आरे तासले, तेही बसवलं.

"उचलून पाय," तो म्हणाला.

ती उठली. धुरा धरला, उचलला.

"अजून जड आहे का?"

"आहे."

तो पुन्हा बसला. पुन्हा रंधा चालला. शेडच्या दारातून पुंडलिक म्हणाला, "दादा, आरा बारीक झाला. मोडन आता." देवाजीने ऐकलं, पण हात थांबला नाही. एक आरा त्याने बोटांत धरून पाहिला, उजेडाकडे करून पाहिला, वडील पाहायचे तसा एक डोळा मिटून पाहिला. मग रंधा लाकडावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. पुढे नेईना, उचलीना.

"मथुरा," तो म्हणाला, "पयले हात आपोआप थांबे. मले इचारावं लागत नोतं. आता थांबाचं कुठं ते समजूनच नाई राहिलं."

तिला जड की हलकं ते सांगता येत होतं, हलकं कसं करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुपारी ज्याने तिला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं होतं तो माणूस आता तोंड वर करून तिच्याकडे पाहत होता, आणि खरंच विचारत होता.

"आज इथंच थांबा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून रंधा काढून घेतला. त्याने तो काढू दिला.